कर्मवीर भाऊराव पाटील : पंगतीपासून महाविद्यालयापर्यंत



२२ सप्टेंबर जवळ आला की आपल्या शाळांमध्ये कर्मवीर जयंतीची तयारी सुरू होते. दाढीवाल्या अण्णांच्या फोटोला हार घातला जातो. एखादी चुणचुणीत मुलगी भाषण करते. रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९, 'कमवा आणि शिका', पद्मभूषण, वटवृक्षाचं बोधचिन्ह, आणि तीन मिनिटांत भाषण संपतं. ते भाषण आपणच लिहून दिलेलं असतं. त्यात चुकीचं काही नसतं, पण अण्णांच्या आयुष्यातली एक गोष्ट त्यात बहुतेक वेळा येत नाही. ती शाळेपेक्षा कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या जास्त जवळची आहे.

पालक म्हणून तुम्हीही अनुभवलं असेल. बारावीनंतर आपण गुण बघतो, कट-ऑफ बघतो, कोणत्या राऊंडला कुठे नंबर लागला ते बघतो. मुलगा राहणार कुठे, जेवणार कोणाबरोबर, हे प्रश्न शेवटी येतात. खरं तर मूल कॉलेजात टिकतं की दिवाळीच्या सुट्टीत घरी येऊन परत जातच नाही, हे पुष्कळदा याच दोन प्रश्नांवर ठरतं. भाऊरावांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. विद्यार्थी असताना त्यांना स्वतःलाच एका वसतिगृहातून बाहेर काढलं होतं. आज त्यांच्या आयुष्याकडे आपण तेवढ्याच बाजूने पाहू या.

त्या वेळचं कोल्हापूर

आधी थोडी पार्श्वभूमी पाहायला हवी, नाहीतर पुढची गोष्ट नीट लागणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉलेजचं दार कायद्याने सगळ्यांना उघडं होतं. फी भरा, परीक्षा पास व्हा आणि शिका. तरी खेड्यातला कुणब्याचा, धनगराचा, महाराचा मुलगा तिथे दिसत नव्हता. असं का? फीचा प्रश्न होताच. त्याहून मोठा प्रश्न होता तो शहरात राहण्याचा. पुण्यात शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलासाठी एक जुनी व्यवस्था होती. तो वार लावून जेवत असे, म्हणजे सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. नाहीतर माधुकरी मागत असे. त्यात हाल होते, अपमानही होता, ते आपण कमी लेखू नये. पण निदान शहरात त्याच्या जातीची घरं होती आणि त्या घरांना शिकणाऱ्या मुलाला जेवू घालणं हे पुण्याचं काम वाटत होतं. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला असं कोण वाढणार? अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर खोलीच भाड्याने मिळत नव्हती. म्हणजे दार उघडं होतं, पण त्या दारापर्यंत जायचा रस्ता काही मुलांनाच होता.

राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखलं. त्यांनी १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींचं मिळून एक वसतिगृह काढलं. कागदावर ते सगळ्यांचं होतं. व्यवस्था मात्र एकाच समाजाच्या हातात राहिली. इतर जातींच्या मुलांना तिथे परकं वाटू लागलं आणि हळूहळू ती गळाली. सगळ्यांसाठी म्हणून काढलेलं वसतिगृह काही वर्षांत एकाच जातीचं होऊन बसलं. शिक्षक मित्रहो, हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे कोणी कोणाला हाकलून दिलं नव्हतं, प्रवेश नाकारल्याची पाटीही नव्हती. मुलं आपोआप निघून गेली असं दिसत होतं. पण आपोआप असं काही नसतं.

मग महाराजांनी वेगळा रस्ता धरला. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघालं, आणि पुढे लिंगायत, मुस्लिम, शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, ख्रिश्चन अशी एकेका समाजाची वसतिगृहं कोल्हापुरात उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. एकेका जातीचं वेगळं वसतिगृह म्हणजे जातीला खतपाणीच, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. पण जो मुलगा सगळ्यांच्या वसतिगृहात कोपऱ्यात बसून राहतो, त्याला आधी आपलं म्हणता येईल असं छप्पर लागतं. महाराजांनी ते दिलं आणि कोल्हापूर विद्यार्थ्यांचं गाव झालं.

याच जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा एक विद्यार्थी राहायला आला.

एक धिप्पाड, अभ्यासात बेताचा विद्यार्थी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावी, आजोळी. घराणं जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे बदल्या होत आणि शाळाही बदलत. अंगाने दणकट, कुस्तीची आवड, अन्याय दिसला की हात शिवशिवणारे. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी रहाटच मोडून टाकला, अशी लहानपणची गोष्ट सांगतात. अभ्यासात मात्र बेताचेच. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये त्यांचं शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंत झालं, मॅट्रिकही झालं नाही. ही गोष्ट वर्गात सांगताना आपण थोडं आवरतं घेतो, मुलं म्हणतील की मग आम्हीच का अभ्यास करायचा! तरीही सांगावी असं मला वाटतं. पुढे कॉलेजं काढणारा हा माणूस स्वतः कॉलेजची पायरी चढलेला नव्हता. तो चढू शकला नाही याला काही अंशी त्याचा स्वभाव कारणीभूत होता आणि काही अंशी पुढे घडलेला प्रसंग.

१९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव गेले. जैन बोर्डिंगवर परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं की अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला जाऊन आलास, तर आता आंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसायचं नाही. भाऊरावांनी आंघोळ करायला साफ नकार दिला. प्रकरण अधीक्षकांकडे गेलं. अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. ते मोठे विद्वान, ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी आणि शाहू महाराजांच्या निकटचे. तरीही नियम तो नियम! भाऊरावांना बोर्डिंग सोडावं लागलं.

इथे थोडं थांबा आणि विचार करा. जैन बोर्डिंग कशासाठी निघालं होतं? सगळ्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या वसतिगृहात ज्यांना जागा नव्हती, त्यांच्यापैकी एका समाजाला जागा मिळावी म्हणून. आणि आठ वर्षांच्या आत त्याच वसतिगृहाने आपल्याखाली एक रेघ ओढली. कालपर्यंत आपण बाहेर होतो ही आठवण माणसाला नेहमीच उदार करते असं नाही. कधीकधी ती त्याला जास्त सावध, जास्त सोवळी करते. लठ्ठे वाईट माणूस नव्हते, म्हणून तर हा प्रसंग जास्त बोचतो.

भाऊराव पुढे काही काळ महाराजांच्या आश्रयाने राहिले. शिक्षण मात्र तिथेच अडलं.

डांबर प्रकरण

याचा पुढचा भाग शाळेच्या भाषणात सहसा येत नाही, पण माणूस कळायला तो हवा. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासण्याचा प्रकार झाला. त्यात लठ्ठे यांना गुंतवण्यासाठी खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आणला गेला. पोलिसांचा मार सोसावा लागला. जिवाला कंटाळून त्यांनी आत्महत्येचा प्रयत्नही केला. पण खोटी साक्ष दिली नाही. ज्या माणसाने आपल्याला वसतिगृहातून घालवलं, त्याच्याविरुद्ध सूड घ्यायची ही आयती संधी होती! ती त्यांनी घेतली नाही. यावर मी आणखी काही लिहीत नाही, तुम्ही वर्गात सांगाल तेव्हा मुलंच बोलतील.

नांगर विकणारा पाटील मास्तर

मधल्या काळात भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. मग किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे फिरते विक्रेते म्हणून नोकरी केली. हे काम वरवर पाहता शिक्षणाशी काही संबंध नसलेलं. पण गावोगाव फिरायचं, शेतकऱ्याच्या ओट्यावर बसायचं, नवा नांगर जुन्यापेक्षा बरा कसा हे त्याच्या भाषेत सांगायचं, यातून त्यांना साताऱ्याच्या मातीतला कानाकोपरा कळला. कोणत्या गावात चौथीच्या पुढे शाळा नाही, कोणता हुशार पोरगा गुरं राखतो, कोणत्या शाळेत कोणाला वर्गाबाहेर बसवतात, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

असाच वर्गाबाहेर बसून शिकणारा ज्ञानदेव घोलप हा मुलगा त्यांना भेटला. त्याला त्यांनी घरी आणलं आणि कोल्हापूरला मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये पोचवलं. म्हणजे ज्या बोर्डिंगच्या समारंभाला गेल्याबद्दल स्वतःची जागा गेली, तिथेच त्यांनी एका मुलाला जागा मिळवून दिली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणासाठी लंडनला गेले तेव्हा 'मूकनायक'च्या संपादनाची जबाबदारी या ज्ञानदेव घोलपांनी सांभाळली.

सत्यशोधक समाजाच्या कामात भाऊराव होतेच. दुधगावला सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थी आश्रमाचा एक प्रयोग करून झाला होता. मग १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि तिची सुरुवात वसतिगृहाने झाली. हे लक्षात घेण्यासारखं आहे. संस्था काढायची म्हटलं की आपण आधी इमारत, वर्ग, मान्यता असा विचार करतो. भाऊरावांनी आधी मुलांच्या राहण्या-जेवणाचं पाहिलं. शाळा गावात असते किंवा तालुक्याला असते. तिथपर्यंत पोचलेलं मूल तिथे राहील कसं, याची सोय कोणी करत नव्हतं.

साताऱ्याची पंगत

१९२४ मध्ये संस्थेचं मुख्य ठिकाण साताऱ्याला आलं आणि तिथे वसतिगृह सुरू झालं. पुढे ते धनिणीच्या बागेत नांदलं. इथे भाऊरावांनी कोल्हापूरच्या पुढचं पाऊल टाकलं. शाहू महाराजांना ते गुरुस्थानी मानत, वसतिगृहाला महाराजांचंच नाव लाभलं. पण रचना महाराजांच्या बोर्डिंगांसारखी नव्हती. मराठा, महार, मांग, चांभार, जैन, मुस्लिम, रामोशी, धनगर अशी सगळी मुलं एका छपराखाली, एका पंगतीला.

१८९६ चा सगळ्यांचा प्रयोग कोल्हापुरात फसला होता, मग हा साताऱ्यात कसा टिकला? मला वाटतं, याचं उत्तर कामाच्या वाटणीत आहे. धनिणीच्या बागेत आश्रयदाता असा कोणताच गट नव्हता. पाणी आणणं, दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, बागेतलं काम हे मुलांनीच करायचं, आणि सगळ्यांनी करायचं. आज ज्याने भाकऱ्या केल्या तो उद्या भांडी घासणार. जो पाटलाचा, तोही विहिरीवर जाणार. एकाच जातीच्या हातात स्वयंपाकघर आणि दुसऱ्याच्या हातात खराटा असं झालं असतं, तर पंगत एक असूनही वसतिगृह दोन झाली असती. पुण्याला, मुंबईला मोठमोठ्या संस्थांनी सहभोजनं घडवली, त्यांचे फोटो निघाले. पण सहभोजन एका दिवसाचं असतं. भांडी रोज घासावी लागतात.

पैसा कुठून यायचा? भाऊराव गावोगाव हिंडून धान्य गोळा करत. घरातल्या बाईने रोज दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं, सुगीच्या वेळी शेतकऱ्याने खळ्यावरून पोतं द्यायचं, अशा रीतीने कोठी भरत असे. ज्यांची मुलं तिथे नव्हती तेही देत. आणि कोठी रिकामी झाली की लक्ष्मीबाई.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई कुंभोजच्या पाटील घराण्यातल्या, परंपरेत वाढलेल्या. सोवळंओवळं त्यांच्या अंगात भिनलेलं. सुरुवातीला सगळ्या जातींची मुलं स्वयंपाकघरात वावरणं त्यांना जड गेलं असणार, माणूस एका दिवसात बदलत नाही. पण त्याच पुढे या मुलांच्या वहिनी झाल्या. कुणाला ताप आला तर उशाशी बसल्या. धान्य संपलं तेव्हा एकेक दागिना गेला, आणि शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. रयतेच्या इतिहासात त्यांच्यावर एक परिच्छेद असतो, त्यातही मंगळसूत्राचा प्रसंग सांगून लोक पुढे जातात. मला मात्र दागिन्यांपेक्षा त्यांनी स्वतःत केलेला बदल मोठा वाटतो. भाऊरावांना पहिल्यापासून जे पटलेलं होतं ते लक्ष्मीबाईंना पटवून घ्यावं लागलं, तेही चुलीपुढे बसून, रोजच्या रोज.

१९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले. त्यांनी हे वसतिगृह पाहिलं आणि त्यांच्याच हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. १९३२ मध्ये पुणे करार झाला. त्याची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढलं. करारावर सह्या झाल्या, सभा झाल्या, वर्तमानपत्रांत रकाने भरले. भाऊरावांना मात्र या कराराचं स्मारक म्हणजे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील अशी खोल्यांची एक इमारत, एवढंच सुचलं. मला ते फार आवडतं.

कॉलेज साताऱ्यात

नंतरची वर्षं धावपळीची. शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज निघालं, मोफत निवासी हायस्कूल निघालं, जिजामातेच्या नावाने स्त्रियांसाठी अध्यापिका विद्यालय निघालं, खेड्यापाड्यांत शेकडो प्राथमिक शाळा निघाल्या. त्या सगळ्याचा तपशील तुम्हाला कुठेही मिळेल. आपण १९४७ वर येऊ.

तोपर्यंत साताऱ्याकडच्या मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचं तर पुणं, कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागे. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, राहायचं कुठे आणि खायचं काय. वसतिगृहात वाढून मॅट्रिक झालेली शेतकऱ्यांची, मजुरांची मुलं इथे येऊन अडत होती. जून १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने श्रम करावेत आणि शिकावं, हे तिथलं तत्त्व होतं. मुलांनी माळरान फोडलं, दगड वाहिले, रस्ते केले, शेती केली. ज्या इमारतीत तास व्हायचे तिच्या उभारणीत त्यांच्या हातांचा घाम होता.

आता तुम्ही म्हणाल, गरीब मुलांना राबवून घेतलं, यात काय कौतुक? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. सधन घरातला विद्यार्थी सकाळी निवांत वाचत बसलाय आणि त्याच्याच वर्गातला दुसरा खोरं घेऊन उभा आहे, ही समता नव्हे. फक्त इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, काम हा दानाचा मोबदला नव्हता, तो शिक्षणाचा भाग होता. वसतिगृहात लहानपणापासून सगळ्या जातींच्या मुलांनी मिळून ते केलेलं होतं, त्यामुळे हाताला माती लागली म्हणजे आपण खालचे, ही भावना बरीच गळून पडलेली होती. दुसरी गोष्ट, ज्याने काम केलं त्याला कोणाच्या उपकाराखाली राहावं लागत नव्हतं. वार लावून जेवणाऱ्या मुलाला सात घरांचे उपकार मानावे लागत. शिवाजी कॉलेजातला मुलगा म्हणू शकत होता की ही भाकरी माझी आहे.

आज ही योजना अनेक विद्यापीठांनी घेतली आहे. पुणे विद्यापीठात तर ती कर्मवीरांच्याच नावाने चालते. विद्यार्थी दिवसाचे काही तास ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतो आणि तासाप्रमाणे मानधन मिळतं. योजना चांगलीच आहे, हजारो मुलांना तिचा आधार झाला आहे. पण माझ्या माहितीतल्या एका कॉलेजात या योजनेतल्या मुलांना कँटीनमध्ये वेगळ्या नावाने हाक मारली जाते. शिष्यवृत्तीच्या याद्या वर्गात मोठ्याने वाचल्या जातात. अर्ज अडला म्हणून कार्यालयात गेलेल्या मुलीला सगळ्यांसमोर जात विचारली जाते. योजना आहे, पैसेही येतात, उशिरा का होईना. पण ज्या मुलासाठी योजना आहे तो तिथे मान वर करून उभा राहू शकतो का? श्रम सगळ्यांनी करायचं ही अट आपण काढून टाकली आणि फक्त गरिबांनी करायचं एवढंच शिल्लक ठेवलं. मग ते कर्मवीरांचं राहिलं का, हे तुम्हीच सांगा.

शिक्षक म्हणून आपल्या हातात काय आहे, असंही कोणी विचारेल. आपण तर शाळेतले. पण आपल्याकडून दहावी-बारावी होऊन गेलेली मुलं वर्षभरात एकदा तरी भेटायला येतात. तेव्हा आपण विचारतो, टक्के किती पडले? जेवतोस कुठे, खोलीत कोण कोण आहे, मेसमध्ये तुझ्या शेजारी कोण बसतं, हे विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर मिळतं. दुसऱ्याला पोरगं आधी गप्प बसतं आणि मग अर्धा तास बोलतं.

अनुदान बंद झालं तेव्हा

कॉलेज सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं आणि गांधीजींची हत्या झाली. भाऊरावांनी सभेत सरकारवर कडक टीका केली. मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान थांबवलं. शेकडो शाळा, हजारो मुलं, शिक्षकांचे पगार, सगळं टांगणीला लागलं. गप्प बसून माफी मागितली असती तर मार्ग निघाला असता. भाऊराव पुन्हा रयतेकडे गेले. ज्या गावांनी मूठभर धान्य दिलं होतं त्याच गावांनी आता पैसे दिले. शिक्षकांनी पगाराविना दिवस काढले. काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झालं. शिक्षक मित्रहो, पगार दोन महिने लांबला की आपल्या घरात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्या शिक्षकांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

१९५४ मध्ये कराडला दुसरं कॉलेज निघालं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं. गाडगेबाबा परीट समाजातले, अक्षरओळख नसलेले. कॉलेजला राजाचं, गव्हर्नरचं, देणगीदाराचं नाव देण्याची त्या काळात रीत होती. इथे कमानीवर अशा माणसाचं नाव लागलं ज्याला ते वाचता आलं नसतं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेला मुलगा त्या कमानीखालून जाताना, आपले आई-बाप अडाणी आहेत याची त्याला लाज वाटण्याचं कारण उरत नव्हतं.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिलं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाच्या नावापुढे डॉक्टर लागलं, पण ते वापरायला त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९५९ रोजी त्यांचं निधन झालं. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. सहलीला अजिंक्यतारा दाखवायला मुलांना नेता, तेव्हा तिथेही न्या.

शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेल्या मुलांपैकी पी. जी. पाटील यांना भाऊरावांनी पुढे इंग्लंडला पाठवलं. ते बॅरिस्टर होऊन परत आले. वकिली करून भरपूर पैसा मिळवता आला असता. ते साताऱ्याला आले, शिवाजी कॉलेजात शिकवू लागले, तिथले प्राचार्य झाले आणि नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. साठहून अधिक वर्षांपूर्वी त्याच कोल्हापुरात भाऊरावांना पंगतीतून उठावं लागलं होतं.